समुद्रात पोहायला पोलराइज्ड गॉगल की नंबरचा स्मोक गॉगल?

डिसेंबरात मालवणला चिवला बीचवर सागरी जलतरण स्पर्धा असते, तिथे ३ किमीला उतरायचा विचार आहे. आजवरचं सगळं पोहणं पुण्यात छपराखालच्या तलावात, साध्या पारदर्शक गॉगलवर. चिवल्याला किनारा पश्चिमेकडे. सकाळी आत जाताना ऊन पाठीवर; बोयाला (वळणाची खूण म्हणून ठेवलेल्या तरंगत्या फुग्याला) वळसा घालून परत फिरलं, की नेमकं दमलेलं असताना ते डोळ्यांत येणार.

पोलराइज्डबद्दल बरंच वाचलं आणि गोंधळ वाढला. पाण्यावरची चकाकी बहुतांशी आडवी ध्रुवित असते (म्हणजे तिच्या प्रकाशलहरी मुख्यतः आडव्या दिशेत कंप पावतात) आणि ही काच तीच अडवते, इथपर्यंत ठीक. पण हा परिणाम सर्वांत जास्त मिळतो तो सूर्य क्षितिजापासून साधारण ३७ अंश वर असताना. त्याहून बराच खाली असेल तर चकाकी भरपूर, पण तिचं ध्रुवण कमी. शिवाय श्वासासाठी मान वळवली की काचही आडवी होते, म्हणजे त्या क्षणी ती चकाकी बिनदिक्कत आत सोडणार! समोर बोया शोधायला डोकं वर काढतो तेवढ्यापुरताच काय तो उपयोग. मग मिररवाला गडद स्मोक गॉगल पुरणार नाही का? यूव्ही संरक्षण तर साध्या गॉगललाही मिळतं, त्याचा पोलराइज्डशी संबंध नाही.

खरी अडचण नंबरची. दोन्ही डोळ्यांना उणे साडेतीन. नंबरचे तयार गॉगल अर्ध्या-अर्ध्याच्या टप्प्यात मिळतात, त्यात स्मोकही आहेत. पण नंबर आणि पोलराइज्ड दोन्ही एकत्र मला दुकानात कुठे दिसलं नाही. कॉन्टॅक्ट लेन्स घालून पाण्यात जायला डॉक्टरांचा ठाम नकार आहे (जंतुसंसर्ग), त्यामुळे तो मार्ग बंद. माझा कल नंबरच्या स्मोककडे आहे, कारण बोया धूसर दिसला तर चकाकी कमी होऊन काय उपयोग?

चिवल्याला किंवा मुंबईच्या संकरॉक ते गेटवे सागरी स्पर्धेत पोहलेल्यांनी कृपया सांगा: परतताना नारिंगी बोया कोणत्या रंगाच्या काचेतून नीट दिसतो, स्मोक की तांबूस? आभाळ भरून आलं तर स्मोक फार काळोखी वाटते का? आणि कुणी पोलराइज्ड काचेवर नंबर करून घेतला असेल, तर कुठे आणि साधारण किती खर्च आला? दोन हजारांपर्यंत तयारी आहे.