मुलांचा ‘ताबा’ : याला दुसरा शब्द नाहीये का?

परवा मैत्रिणीच्या घटस्फोटाचे कागद वाचत बसले होते, परस्पर संमतीचा आहे त्यामुळे भांडण असं नाही, पण एका पानावर ‘अज्ञान मुलगी हिचा ताबा आईकडे राहील’ असं होतं आणि तिची लेक, नुकतीच जोडाक्षरं वाचायला लागलीय, तिने बोट ठेवून मोठ्याने वाचलं आणि विचारलं, मावशी अज्ञान म्हणजे बुद्दू ना? काय सांगणार. आणि ताबा तर बिल्डरकडून फ्लॅटचा घेतात ना, पोरीचा कसला ताबा?

—

अज्ञान हा जुना दस्तऐवजी शब्द आहे हो ताई. गावी सातबारा काढून बघा, बाप गेला आणि पोरं लहान असली की नावापुढे ‘अ.पा.क. आई’ लागतं, म्हणजे अज्ञान पालन कर्ता. माझ्या नावापुढे पण होतं, अठरा पूर्ण झाल्यावर तलाठ्याकडे अर्ज करून काढलं तेव्हा कुठे मी सज्ञान झालो :) ताबा अरबीतून आलाय, मूळ अर्थ मागे चालणारा, अंकित. आपण तो जमिनीला चिकटवला, ताबा पावती वगैरे, आणि तिथून पोरांना.

—

नुसता शब्दाचा दोष नाही, कायद्याचं मनच तसं आहे. पालक व पाल्य कायदा १८९० चा. हिंदूंसाठी १९५६ चा वेगळा आहे, त्यात नैसर्गिक पालक वडील, ‘त्यांच्यानंतर’ आई, आणि पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे. त्या ‘नंतर’चा अर्थ वडील वारल्यावरच असा नाही, ते लक्ष घालत नसतील तरी आई पालक, हे १९९९ मध्ये गीता हरिहरन खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं. एका शब्दासाठी ४३ वर्षं! पुढे २०१५ मध्ये विधी आयोगाने २५७ व्या अहवालात सुचवलं की मुलाचं हित सगळ्यात वर ठेवा आणि दोघांकडे मिळून जबाबदारी देण्याची सोय कायद्यात आणा. आता त्याचं मराठी करतात ‘संयुक्त ताबा’. सामाईक विहीर असते तसं.

—

इंग्लंडमध्ये हा घोळ कायद्यातच निस्तरला. १९८९ च्या चिल्ड्रन ॲक्टने कस्टडी शब्द बाजूला करून रेसिडेन्स आणि कॉन्टॅक्ट आणले, मग २०१४ मध्ये तेही काढले कारण लोक त्यातही जिंकलो हरलो करायला लागले, आता नुसतं चाइल्ड अरेंजमेंट्स. मूल कुणाकडे राहणार, कुणाला कधी भेटणार, बस.

—

अहो मग आपली आजी वेगळं काय म्हणायची? ‘पोरं आईकडे असतात, सुट्टीत बापाकडे जातात.’ ताबा कुणी म्हणत नाही घरात, तो कागदावरच. पण एक सांगू, मी रोज कोर्टात असतो, शब्द बदलून दर दुसऱ्या शनिवारची भेट सुरळीत होत नाही. पोरगं दप्तरासकट बाकावर बसलेलं असतं आणि आईबाप दोन टोकांना. तिथे कुठला शब्द घालणार?

—

मान्य, पण कागदावर ‘ताबा’ दिसला की माणूस जमिनीसारखाच भांडतो, हे पण तुम्ही रोज बघत असाल ना. (अवांतर : घटस्फोट तरी कुठे साधा आहे, धर्मशास्त्रात पतिताला जातीबाहेर टाकताना घडा फोडायचे तो हा घटस्फोट. त्यापेक्षा काडीमोड बरा, काडी मोडली, दोघं मोकळे. आणि नांदायला येण्याचा दावा, त्यावर वेगळा धागा काढा कुणीतरी.)

—

सगळ्यांना थँक्यू. मैत्रिणीने वकिलाला सांगून अटी बदलून घेतल्या : ‘मुलगी शाळेच्या दिवसांत आईकडे राहील, शनिवार-रविवार आणि मे महिन्यात वडिलांकडे, शाळा आणि औषधपाण्याचे निर्णय दोघं मिळून घेतील.’ वकील म्हणाले चालेल, पण वरचं हेडिंग ताबाच ठेवतो, नाहीतर साहेब विचारतात हे काय. आणि अज्ञानच्या जागी अल्पवयीन सुचवलं तर मैत्रीण म्हणाली नको, ते पेपरातल्या क्राइमच्या बातमीसारखं वाटतं. तर त्याला काहीतरी सुचवा, पोरगी अजून विचारतेय.