मदत हवी आहे: खोट्या व्हायरसला फसलेले काका आता खरा इशाराही मानत नाहीत

मंडळी, जाणकारांचा सल्ला हवाय.

माझे काका-काकू मिरजेला असतात. गेल्या आठवड्यात काका नेटवर काहीतरी शोधत असताना अख्खा स्क्रीन लाल झाला आणि भोंगा वाजू लागला. "संगणक लॉक झाला आहे, बंद करू नका, या नंबरवर फोन करा." काकांनी केला. पलीकडच्याने मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय असं सांगून एनीडेस्क (दुसऱ्याचा संगणक लांबून चालवायचं ॲप) टाकायला लावलं आणि इव्हेंट व्ह्यूअरमधल्या (विंडोजच्या बारीकसारीक नोंदींच्या यादीतल्या) लाल खुणा दाखवून म्हणाला, हे बघा व्हायरस. (तसल्या खुणा धडधाकट मशीनवरही असतात, पण काकांना कुठून कळणार?) पैशांची भाषा सुरू झाल्यावर काकूने सरळ वायफायच बंद केलं. काकू ग्रेट आहे. पैसे वाचले.

२००२ मध्ये टेडी बेअरचं चिन्ह असलेली फाइल म्हणजे व्हायरस, अशी मेल फिरत होती. फाइल विंडोजचीच होती, जावासाठीची. तेव्हाही काकांनी ती उडवली, वर मेल अख्ख्या ऑफिसला पाठवली. मेलमध्ये व्हायरस वगैरे काही नव्हताच, लोक आपल्याच हाताने चांगली फाइल पुसत होते.

आता काकांनी दुसरं टोक गाठलंय. लॅपटॉपवर विंडोज १० आहे, त्याचा सपोर्ट (म्हणजे मायक्रोसॉफ्टची नेहमीची सुरक्षा अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तशी सूचना आली की "आले चोर" म्हणून बंद करतात. बँकेचे मेसेजसुद्धा न वाचता उडवतात. मला याचीच जास्त काळजी वाटते.

एनीडेस्क काढलं की पुरे, की विंडोज नव्याने टाकावं? आणि खरं-खोटं ओळखायची एखादी सोपी खूण सांगा. "अनोळखी लिंक उघडू नका" सांगून झालंय. विंडोजऐवजी लिनक्स टाका असं कृपया कुणी म्हणू नका.

प्रतिसाद १
त्याने आत काय काय टाकलं ते कळणार नाही. फोटो, कागदपत्रं काढून घ्या आणि विंडोज नव्याने टाका. नेटबँकिंग आणि मेलचे पासवर्ड आजच बदला, पण दुसऱ्या मशीनवरून. खात्यातून काही गेलेलं दिसलं तर लगेच १९३० ला (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) फोन.
खूण एकच सांगा: मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर नसतो. तो लाल स्क्रीन म्हणजे नुसतं वेबपेज. एस्केप दाबून धरायचं, नाहीतर ऑल्ट-एफ४. ब्राउझर परत उघडल्यावर "रिस्टोअर" मात्र करू नका, नाहीतर तेच पान परत उघडेल.

प्रतिसाद २
सूचना खरी का खोटी यावर वाद घालूच नका. सेटिंग्जमधलं विंडोज अपडेट त्यांच्या हातून उघडून घ्या. सपोर्ट संपल्याचं तिथेच दिसेल. जादा सुरक्षा अपडेटची नोंदणीही तिथूनच होते, ती ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. (लिनक्स वाईट नाही हो!)

धागाकर्ता
दोघांचेही आभार. नंबरची खूण काकांना पटली. पण लगेच विचारतात, "उद्या चोरांनी नंबर द्यायचाच सोडला तर?" काय सांगू?