मदत हवी आहे: दुसरीतली मुलगी वाचताना अडखळते, घरी काय करावं?

नमस्कार मंडळी,

माझी मुलगी दुसरीत आहे. गोष्टी ऐकायला तिला फार आवडतं, ऐकलेली गोष्ट बारकाव्यांसकट सांगते. स्वतः वाचायला बसली की मात्र गाडी अडते. साधे शब्द येतात. जोडाक्षर दिसलं की पहिलं अक्षर बघून अंदाज करते. काल 'चष्मा'चं 'चमचा' केलं आणि तशीच पुढे गेली. अक्षरं जुळवण्यातच सगळा जोर जातो, मग वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. डोळे आणि कान तपासून घेतलेत, दोन्ही ठीक आहेत.

सध्या रोज 10-15 मिनिटं एकच उतारा घेतो. आधी मी वाचते, मग दोघी मिळून, मग ती एकटी. दोन-तीन दिवसांत तो उतारा बऱ्यापैकी सुटतो. पण ती खरंच वाचते की पाठ झालेलं म्हणते, हे मला कळत नाही. हे ओळखायचं कसं?

आणखी एक. ती अडली की शब्द लगेच सांगावा, की थांबावं? थांबलं तर रडकुंडीला येते, आणि वाचनाचाच कंटाळा येईल अशी मला भीती वाटते.

पालकसभेत वर्गशिक्षिका जेमतेम पाच मिनिटं भेटतात. 'अभ्यास कसा आहे' असं मोघम विचारून काही हाती लागत नाही. नेमकं काय विचारावं? प्राथमिकचे शिक्षक किंवा यातून गेलेले पालक असतील तर कृपया सविस्तर लिहा.