मदत हवी आहे : गांडूळखताच्या टबाला घाण वास, गांडुळं झाकणावर चढतायत

अर्धकच्चा (धागाकर्ता)

टब सुरू करून पाच आठवडे झाले. चार आठवडे सगळं ठीक वाटत होतं, आता वास मारतोय आणि झाकण उघडलं की आतून गांडुळांचे झुबके लटकलेले दिसतात. जाणकारांनी मार्गदर्शन करावं. तपशील असा:

टब प्लॅस्टिकचा, ४५ × ३० सेंमी, खोली ३० सेंमी. झाकणाला ८ भोकं, तळाला ४.
गांडुळं आयसेनिया फेटिडा, २५० ग्रॅम.
बेड : ओलं कोकोपीट ५ सेंमी, वर वर्तमानपत्राचा एक थर.
खाद्य : रोज सुमारे ४०० ग्रॅम. सालं, देठं, चहा-कॉफीचा चोथा, सगळं मिक्सरमधून काढून. गेल्या दोन आठवड्यांत तीन वेळा उरलेली शिजवलेली कडधान्यं.
पाणी : एक दिवसाआड शिंपडतो.

काही गांडुळं मेली आहेत. काहींचं अंग मधेमधे फुगलेलं, मधेमधे आवळलेलं, मण्यांच्या माळेसारखं दिसतं. दोऱ्यासारखे पांढरे बारीक किडे शेकड्यांनी आहेत. तळाला काळं पाणी.

१) चुना टाकला की वास जातो असं वाचलं. किती टाकू?
२) पांढरे किडे ही गांडुळांची पिल्लं का?
३) सगळं फेकून नव्यानं सुरू करावं का?

---

चाळणी

तिसऱ्याचं उत्तर आधी : काहीही फेकू नका. कारण नंतर सांगते.

चुन्याला हात लावण्याआधी नाक लावा. वास तीन प्रकारचे असतात आणि तिन्हींचे उपाय वेगळे. आंबूस, शिर्क्यासारखा वास म्हणजे आंबणं चालू आहे, टब आम्लधर्मी झालाय. सडक्या अंड्याचा वास म्हणजे खाली हवा पोचत नाही. आणि नाकाला झोंबणारा, डोळ्यांत पाणी आणणारा वास म्हणजे अमोनिया, नत्र जास्त आणि कार्बन कमी.

अमोनिया असेल तर चुना म्हणजे आगीत तेल. आम्लधर्मी ओल्या कचऱ्यात अमोनिया अमोनियम होऊन विरघळलेला राहतो. सामू (pH) वर गेला की त्याचा वायू होतो, आणि गांडूळ कातडीनंच श्वास घेतं.

तुमचा वास यातला कुठला?

---

बेरीज_वजाबाकी

वास कुठलाही असो, मूळ हिशोबच चुकलाय.

४५ × ३० सेंमी म्हणजे साधारण दीड चौरस फूट. घरगुती टबाला एक चौरस फुटामागे आठवड्याला अर्धा किलो कचरा, असा ढोबळ आडाखा आहे. म्हणजे तुमच्या टबाची झेप आठवड्याला ७०० ग्रॅमची. तुम्ही घालताय २ किलो ८०० ग्रॅम.

गांडुळांच्या बाजूनं मोजा. रोज वजनाच्या निम्मं खातात असं जे सांगतात ती रुळलेल्या टबाची वरची मर्यादा. नव्या टबात पाव धरा. २५० ग्रॅमला रोज ६० ग्रॅम. पाच आठवड्यांत ४० लिटरच्या टबात १४ किलो गेलं, त्यातलं कितीसं संपलं असेल?

आणि पाणी कशाला शिंपडताय? साला-देठांत ८० टक्के आणि वर पाणीच असतं. ४०० ग्रॅम कचरा म्हणजे रोज ३०० मिलीहून जास्त पाणी आपोआप. शिवाय प्लॅस्टिकचा टब, वाफ जायला वाव नाही.

मिक्सरही बंद करा. लगदा लवकर कुजतो हे खरं, पण तो लेपासारखा बसतो आणि हवेच्या सगळ्या फटी बुजवतो. सुरीनं दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे पुरेत.

---

अर्धकच्चा

हिशोब पटला.

वास : वरून आंबूस. काठीनं १० सेंमी खाली उकरलं की सडकी अंडी. डोळ्यांना झोंबत नाही. हात घातला तर मधला भाग कोमट लागतो.

---

चाळणी

म्हणजे वर आंबणं, खाली हवाबंद. अमोनिया नाही, हे बरं.

कोमट लागतंय ते दुर्लक्षू नका. जाड थरातला ताजा कचरा स्वतःच तापतो. या जातीला १५ ते २५ अंश मानवतं, तिशीनंतर त्रास, पस्तिशीच्या पुढे मरतात. थर्मामीटर खोलीत लावून उपयोग नाही, कचऱ्याच्या पोटात खुपसून बघा.

झाकणावर चढणं म्हणजे गांडुळं पळून जातायत. टब नवा असताना पहिले दोन-तीन दिवस असं होतं, त्याला अर्थ नसतो. पाचव्या आठवड्यात होतंय म्हणजे आत राहण्यासारखं उरलेलं नाही.

मण्यांची माळ दिसते त्याला गांडूळ पाळणारे प्रोटीन पॉयझनिंग म्हणतात. कडधान्यांसारखं प्रथिनांचं खाद्य जास्त झालं की आतडय़ात आंबतं, वायू धरतो, अंग जागोजागी फुगतं. तशी झालेली बहुतेक वाचत नाहीत. शिजवलेलं, तेल-मीठ असलेलं, दूध-मांस, काही नको. मिठाचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या वर गेलं तरी गांडुळं टिकत नाहीत.

---

कोपरा_४

बेकिंग सोडा एक चमचा टाका, आम्ल लगेच मरतं.

---

चाळणी

नको. सोड्यात सोडियम आहे, म्हणजे मिठाचाच प्रश्न मागच्या दारानं आत. बांधकामाचा विरवलेला चुना तर अजिबात नको, कातडी भाजते. टाकायचंच तर कॅल्शियम कार्बोनेट : चुनखडीची बारीक पूड किंवा वाळवून पिठासारखी दळलेली अंड्याची टरफलं. या टबाला एक मोठा चमचा, तोही नव्या बेडमध्ये. ते सावकाश काम करतं, त्यामुळे थोडं जास्त पडलं तरी सामू एकदम उडी मारत नाही.

---

पुठ्ठेवाला

आता करायचं काय ते लिहितो. आजच करा.

दुसरा टब किंवा खोकं घ्या. तळाला ५ मिमीची १०-१२ भोकं, बाजूंना वरच्या अंगाला ६ मिमीची तितकीच, बाहेरून जाळी. खाली विटांचे तुकडे ठेवून तीन-चार सेंटिमीटर उचला, नाहीतर तळाच्या भोकांचा उपयोग शून्य.

बेडला नालीदार पुठ्ठा सर्वांत उत्तम, कारण त्या नाल्यांमधून हवा खेळते. चकचकीत छपाईचा आणि चिकटपट्टीवाला वगळा. दोन बोटं रुंद पट्ट्या फाडा, रात्रभर भिजवा, घट्ट पिळा. मुठीत दाबल्यावर एक-दोन थेंब यावेत, धार लागू नये. १५ सेंमी थर भरा, सैल, दाबायचा नाही. त्यात मूठभर माती किंवा जुनं खत मिसळा. गांडुळाला दात नसतात, खाद्य वाटायला पोटात बारीक कण लागतात, आणि मातीबरोबर जिवाणूही येतात.

झाकणावरची आणि कडेची टणक, चपळ गांडुळं वेचून नव्या बेडवर ठेवा, वर दिवा लावा. उजेड टाळायला ती आपणहून खाली शिरतील. अर्ध्या तासानंतरही वर पडून राहिलेली उचलून टाका.

जुना लगदा ताटावर पाच सेंटिमीटरपेक्षा जाड नको असा पसरा. त्याच्याइतकाच कोरडा फाडलेला पुठ्ठा मिसळा, दिवसातून दोनदा उलथा. तीन-चार दिवसांत सडका वास जाऊन मातीसारखा यायला लागतो. तोवर तो नव्या टबात नको.

आणि आठ-दहा दिवस खाद्य बंद. उपाशी मरणार नाहीत, ओला पुठ्ठा आणि त्यावर वाढणारे जिवाणू-बुरशी हेच त्यांचं जेवण. ताजी साल गांडूळ खातच नाही. साल आधी मऊ पडते, जिवाणूंनी माखते, मग ते चोखतं. त्यामुळे वेग गांडुळांची संख्या वाढवून फारसा वाढत नाही, कुजणं जमलं की वाढतो.

---

बेरीज_वजाबाकी

पांढऱ्या किड्यांचं राहिलं. ती पिल्लं नाहीत, पॉट वर्म आहेत. ओळखायला सोपं : गांडुळाचं पिल्लू अगदी बारीक असलं तरी आरपार दिसणारं, आत लालसर रेघ असलेलं असतं. पॉट वर्म दुधासारखे पांढरे आणि वाढून सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरच होतात. अपाय करत नाहीत. ओल आणि आम्ल जास्त झालं की माजतात, टब सुधारला की आपोआप कमी होतात.

अवांतर : मुंग्या दिसल्या तर उलटं, टब कोरडा पडलाय.

---

हिरवी_जाळी

माझा उपप्रश्न. तळाचं काळं पाणी झाडांना घालतात ना? आणि चिलटं फार होतात, काय करावं?

---

पुठ्ठेवाला

हे पाणी ओतून द्या. ते व्हर्मिवॉश (गांडूळखतातून पाणी झिरपवून केलेलं पातळ खत) नव्हे, न कुजलेल्या कचऱ्याचा निचरा आहे, हवाबंद सडलेला. टब नीट चालू असताना निघालं तरी दहापट पाणी घालून शोभेच्या झाडांच्या मातीत, खायच्या पानांवर कधीच नाही. खरं तर बऱ्या टबातून असं पाणी जवळजवळ निघतच नाही.

चिलटांची अंडी सालांबरोबरच येतात. कचरा दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, मग बाहेर काढून खोलीच्या तापमानाला आला की घाला. अंडी मरतात आणि गोठून पेशी फुटल्यानं कुजतंही लवकर. खाद्य नेहमी कोपऱ्यात पुरा, वर पाच सेंटिमीटर कोरड्या पट्ट्यांची गादी. ही गादी पातळ झाली की चिलटं आलीच म्हणून समजा.

---

अर्धकच्चा

नऊ दिवसांनी : वास नाही. झाकणावर एकही नाही. वेचून वजन केलं तर ११० ग्रॅम भरली. लगदा पुठ्ठ्यात मिसळून सुकवला, आता मातीसारखा वास आहे. आता किती घालू? आणि रोजच्या ४०० ग्रॅमचं काय करू?

---

बेरीज_वजाबाकी

११० ग्रॅमला रोज २५ ते ३०. मोजत बसण्यापेक्षा चार दिवसांतून एकदा १०० ग्रॅम, एका कोपऱ्यात. पुढच्या वेळी दुसऱ्या. आधीच्या कोपऱ्यात उकरून बघा, निम्म्याहून जास्त ओळखू येत असेल तर पाळी चुकवा.

उरलेल्यासाठी वेगळा डबा : कचरा एक भाग, कोरडी पानं किंवा पुठ्ठा आकारमानानं दोन भाग, आठवड्यातून दोनदा उलथायचं. दोन-तीन आठवड्यांनी तापणं थांबलं, अर्धवट कुजलं, की गांडुळांना तेच द्या. ताज्यापेक्षा ते लवकर संपवतात. शंका असेल तर वाटीभर मालात पाच गांडुळं एक दिवस ठेवा. आत शिरली तर चालेल, वाटीच्या कडेवर चढली तर आणखी थांबा.

---

चाळणी

आणि सुकवलेला लगदा अजून फेकला नाहीत ना? म्हणूनच आधी म्हटलं होतं.

त्यातली चमचाभर पांढऱ्या कागदावर पसरा, भिंग असेल तर घ्या. तीन-चार मिलिमीटरचे, लिंबाच्या आकाराचे, दोन्ही टोकांना निमुळते दाणे शोधा. ताजे असतील तर फिकट पिवळे, फुटायला आले की लालसर. हे कोकून, म्हणजे गांडुळांच्या अंड्यांचे कोश. मोठी गांडुळं मरतात तिथेही कोकून बहुतेकदा तगतात. एकेकातून दोन-तीन पिल्लं, साधारण तीन आठवड्यांत. ती प्रौढ, म्हणजे अंगावर पट्टा दिसणारी, व्हायला आणखी सहा ते आठ आठवडे.

तेव्हा लगदा फक्त ओलसर ठेवा, वर ओलं वर्तमानपत्र, खाद्य काही नाही. महिनाभरानं एका बाजूला मऊ पडलेली एखादी साल ठेवा. पिल्लं तिच्याखाली गोळा होतील, तशीच सालीसकट उचलून टबात सोडा.

---

अर्धकच्चा

पसरून पाहिलं. एका चमच्यात अकरा, त्यातले तीन लालसर.