मदत हवी आहे: लाल पट्टा नसेल तर दोन लाव्हा प्रवाहांची सीमा कुठे धरायची?

नमस्कार मंडळी. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी वरंध घाटात रस्त्यालगतच्या कापात बसाल्टचे (थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या दगडाचे) थर नोंदवतेय. जिथे लाल बोलचा (दोन प्रवाहांमधल्या मातकट थराचा) पट्टा आहे तिथे काम सोपं: खाली झिओलाइट या खनिजाने भरलेल्या पोकळ्यांचा, म्हणजे खालच्या प्रवाहाचा माथा, मग हातभर विटकरी थर, वर पुन्हा घट्ट काळा दगड. पण एका टप्प्यात पट्टाच नाही. घट्ट दगड वर जाताना जाळीदार होतो आणि त्यावर थेट पुन्हा घट्ट. हा नवा प्रवाह, की एकाच पाहोइहो (पातळ, पदरापदराने पसरणाऱ्या लाव्हाच्या) प्रवाहाचे पदर? वरच्याच्या बुडाशी बोटभर लांबीच्या, उभ्या नळीसारख्या पोकळ्या दिसल्या. तेवढ्यावर तळ मानला तर चालेल का?

दुसरं, उंची. एकाच दगडापाशी मोबाइलच्या जीपीएसने सकाळी ४१२ मीटर दाखवली, दुपारी ४३५! थर जवळपास आडवे असल्याने एवढ्या फरकात अख्खा प्रवाह इकडचा तिकडे होतो. त्यापेक्षा टेप आणि हँड लेव्हल (डोळ्याला लावून समपातळी बघायचं छोटं उपकरण) घेऊन पायथ्यापासून मोजत चढू का? (होकायंत्राचं विचारूच नका, बसाल्टला टेकवलं की काटा भरकटतो.)

कुणाच्या वहीतला तिथला जुना लॉग (थरांची क्रमवार नोंद) असेल तर फोटो टाका ना. पाऊस लागला की दरडींमुळे तिथे थांबता येणार नाही.