जायंट्सचं २०१० ते २०१९ हे दशक कोणाचं? तुमचे अनुभव लिहा

मंडळी, २०१०, २०१२ आणि २०१४. पाच वर्षांत सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने तीन वर्ल्ड सिरीज (अमेरिकी बेसबॉलची सात सामन्यांपर्यंत चालणारी अंतिम मालिका) जिंकल्या. बे एरियातल्या आपल्यापैकी कित्येकांना बेसबॉलची गोडी लागली ती त्याच काळात. तर त्या दशकातला आपला सर्वोत्तम खेळाडू कोण? नुसतं नाव नको, तो तुमच्या मनात कसा बसला तेही सांगा.

सुरुवात मीच करतो. माझं मत बस्टर पोझीला. २०१० साली रुकी ऑफ द इयर (सर्वोत्तम नवोदित), २०१२ साली नॅशनल लीगचा एमव्हीपी (सर्वात मोलाचा खेळाडू), त्याच वर्षी .३३६ सरासरीने बॅटिंगचा किताब, आणि तिन्ही विजेतेपदांच्या वेळी प्लेटमागे, म्हणजे बॅटरच्या मागे कॅचर म्हणून, तोच. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला कॅचर म्हणजे विकेटकीपरच वाटतो. पण कुठला चेंडू टाकायचा हे विकेटकीपर दर वेळी बोलरला सांगत नाही. पोझी सांगायचा. टीव्हीवर मी पिचरऐवजी (चेंडू टाकणाऱ्याऐवजी) पोझीच्या उजव्या हाताच्या बोटांकडे बघायला लागलो, आणि तिथून मला हा खेळ कळायला लागला.

फ्रीमॉन्टहून

पोझी गुणी आहेच, पण माझं मत आपला पिचर मॅडिसन बमगार्नरला. २०१४ च्या दिवाळीनंतरचा रविवार. आमच्याकडे फराळाला माणसं जमली होती आणि सिरीजचा पाचवा सामना लागला होता. निम्म्या पाहुण्यांना बेसबॉलचं काही सोयरसुतक नव्हतं. बमगार्नरने एकट्याने नऊ इनिंग्ज, म्हणजे अख्खा सामना, टाकल्या, समोरच्यांना एकही रन दिला नाही. आपण ५-० ने जिंकलो. शेवटी शेवटी माझ्या सासूबाई विचारायला लागल्या, "हा मुलगा दमत कसा नाही?" त्या वर्षी सिरीजमध्ये २१ इनिंग्जमध्ये त्याने एक रन दिला. एकच!

कॅन्सस सिटीहून

या धाग्यावर रॉयल्सवाल्याचंही ऐकून घ्या, २०१४ च्या सिरीजमध्ये तुमच्यासमोर आमचाच संघ होता. आम्ही १९८५ नंतर पहिल्यांदा प्लेऑफमध्ये (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत) पोचलो होतो, गाव नुसतं निळं झालं होतं. सातव्या सामन्याला मी कॉफमन स्टेडियममध्ये होतो. पाचव्या इनिंगला बमगार्नर मैदानात आला. दोनच दिवसांची विश्रांती झालेली, त्यामुळे आज हा थकलेला असणार अशी आमची अटकळ. पहिल्याच बॅटरने हिट मारली, आम्ही उभे राहिलो. त्यानंतर ओळीने चौदा जण बाद. नवव्या इनिंगला दोन आउट असताना ॲलेक्स गॉर्डनचा फटका जायंट्सच्या दोन फील्डरांकडून निसटला आणि गॉर्डन तिसऱ्या बेसवर येऊन थांबला. बरोबरीचा रन नव्वद फुटांवर. माझ्या शेजारचे आजोबा रेलिंग घट्ट धरून उभे होते. सॅल्व्हाडोर पेरेझने चेंडू उंच उडवला, फाउल रेषेबाहेर जायंट्सच्या सँडोव्हालने तो झेलला आणि संपलं. ३-२. पुढच्या वर्षी आम्ही जिंकलो तरी ती रात्र जात नाही मनातून. तुमचा सर्वोत्तम खेळाडू कोण हे आम्हाला विचारा.

सांता क्लाराहून

मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे माझं मत पायांवरून. २५ मे २०११, फ्लोरिडा मार्लिन्सविरुद्ध बारावी इनिंग. त्यांचा स्कॉट कझिन्स रन पूर्ण करायला धावत येऊन प्लेटपाशी पोझीवर आदळला आणि पोझीचा डावा पाय खाली दुमडला गेला. हाड मोडलं, घोट्याचे लिगामेंट फाटले, सीझन संपला. कॅचर एका सामन्यात शंभरहून जास्त वेळा उकिडवा बसतो-उठतो, आणि सगळा भार त्याच घोट्यावर. माझ्याकडे अशा दुखापतीचे रुग्ण येतात, तेव्हा वर्षभरात त्यांना जिना नीट उतरता आला तरी मी खूश असते. हा गडी पुढच्या वर्षी कॅचर म्हणून परत आला आणि एमव्हीपी झाला. प्लेटपाशी टक्कर रोखणारा नियम २०१४ मध्ये आला, त्यामागच्या चर्चेतही हीच टक्कर सतत पुढे होती. पोझी, पोझी, पोझी.

प्लेझंटनहून

ब्रँडन क्रॉफर्ड आमच्या गावात वाढला. १९९२ मध्ये जायंट्स फ्लोरिडाला जाणार अशी बोलणी चालली होती, तेव्हाचा कँडलस्टिक स्टेडियमवर रेलिंगला टेकलेल्या छोट्या क्रॉफर्डचा फोटो वर्तमानपत्रात आला होता. त्याच मुलाने मोठेपणी त्याच संघासाठी शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या फील्डरच्या जागी) त्या दशकात तीन गोल्ड ग्लव्ह (उत्तम फील्डिंगचे पुरस्कार) मिळवले. सर्वोत्तम नसेल, पण आपला.

सॅन होजेहून

आपल्या पिचर मॅट केनला विसरलात ना सगळे? १३ जून २०१२, ह्यूस्टनविरुद्ध परफेक्ट गेम (समोरचा एकही बॅटर बेसवर पोचला नाही), १४ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद). सातव्या इनिंगला ग्रेगर ब्लँकोने उजवीकडे खोलवर सूर मारून घेतलेला झेल मी अजून मधूनमधून लावून बघतो. केन उत्तम टाकायचा आणि आपल्या बॅटरांचे रन व्हायचे नाहीत. कारकीर्दीत पिचर म्हणून त्याच्या नावावर १०४ विजय आणि ११८ पराभव, हा त्याच्यावर सरळसरळ अन्याय आहे. पिचरला जिंकण्या-हरण्याच्या आकड्यावर जोखू नये, हे मी केनकडे बघून शिकलो.

धागाकर्ता

केनचं अगदी मान्य. पण त्या रात्री पोझीने मागितलेल्या एकाही चेंडूला आपण नकार दिला नाही, हे खुद्द केनने सांगितलंय. फ्रीमॉन्टच्या ताई, स्टार्टर (सामना सुरू करणारा पिचर) पाचव्या दिवशी टाकतो, कॅचर जवळजवळ रोज खेळतो. शिवाय २०१७ च्या बाइक अपघातात खांदा दुखावला आणि बमगार्नर पुन्हा तसा दिसला नाही. दशक म्हणजे दहा वर्षं धरायची ना?

पुण्याहून

आम्ही २०१३ साली परत आलो. २०१४ चा तो सातवा सामना इथे ३० ऑक्टोबरला सकाळी साडेपाचला सुरू झाला. घरात दूधवाला, मुलीचा डबा, नळाचं पाणी, आणि माझा लॅपटॉप ओट्यावर. शेवटच्या आउटनंतर पोझी धावत जाऊन बमगार्नरला बिलगला, ते मी चहा उतू जाऊ देऊन पाहिलं.

त्याच वर्षी जुलैमध्ये ॲरिझोनाविरुद्ध एकाच सामन्यात दोघांनी ग्रँड स्लॅम (एका फटक्यात चार रन) मारले होते. संघाच्या पिचर-कॅचर जोडीने असं करण्याची मेजर लीगमधली ती पहिलीच वेळ. तरीही एकच नाव लिहायचं तर मी बमगार्नर लिहीन. दशकभर रोज कोण हवा, तर पोझी, धागाकर्त्यांचं बरोबर आहे. पण सातवा सामना, परकं मैदान, एका रनाची आघाडी असेल, तर चेंडू त्याच्याच हातात द्यायचा.