जवसाचं तेल की माशाचं?
इथे कुणीतरी सुचवलंय, खाजणाऱ्या लॅब्रॅडॉर कुत्र्याला जवसाचं तेल द्या, ओमेगा-३ (त्वचेला उपयोगी स्निग्धाम्ल) मिळेल. मिळतं, पण कुत्र्याच्या शरीरात त्यातून ईपीए (माशाच्या तेलात तयार मिळणारा ओमेगा-३ चा प्रकार) फारच थोडं बनतं, आणि त्वचेची सूज उतरवायला खरं कामाचं तेच. म्हणून माशाचं तेल. कॉड लिव्हरचं, म्हणजे कॉड माशाच्या यकृताचं, नव्हे हं. त्यातलं अ आणि ड जीवनसत्त्व जास्त झालं तर भलतंच व्हायचं. ऐरोलीत पावसाळ्यात भिंतींना बुरशी धरली की आमची कुत्री राणी पंजे चाटचाटून केस तांबूस करून टाकते. तेलाने ते थांबलं नाही, पण डॉक्टरांना स्टेरॉइडचा डोस उतरवता आला. फरक दिसायला ८ ते १२ आठवडे जातात, लगेच बाटली बदलू नका. शी पातळ झाली तर डॉक्टरांना विचारून मात्रा कमी करा.